पिवळ्या टॅगचा सहावा खंड

चऱ्होलीहून चाकणला जायचं तर माणूस आळंदीवरून जातो. रस्ता सरळ आहे आणि दुचाकीवर पाऊण तासाच्या आत कंपनीचं गेट येतं. आमच्या बसमधले काका भोसरीवरून जायचे. म्हणजे आधी स्कूटरवर दिघीमार्गे उलट्या दिशेला भोसरीला, तिथे भाच्याच्या गॅरेजमध्ये स्कूटर लावायची आणि मग कंपनीच्या बसने मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी करत चाकण. परतीचाही हाच क्रम. या वळशात त्यांचे रोज दोन तास जादा जात. कारण विचारलं तर म्हणत, "बसमधी काम असतंय."

काम म्हणजे गोष्ट सांगणं.

बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं झाकण असतं. त्यावर रेक्झिनची गादी टाकलेली होती. ती त्यांची जागा. पाठ रस्त्याकडे, तोंड आमच्याकडे. जनरल शिफ्टची बस सात वीसला भोसरीतून सुटली की ते डब्याची पिशवी पायांत ठेवायचे, लांबचा चष्मा काढून जवळचा लावायचे, शर्टाच्या खिशातून एक चिठ्ठी काढायचे आणि काल जिथे थांबले होते त्या शेवटच्या वाक्यापासून पुढे सांगायला लागायचे. चिठ्ठीवर फक्त नावं असत: राजांची, किल्ल्यांची, घोड्यांची. बाकी सगळं तोंडपाठ. साडेआठला गेट आलं की वाक्य पूर्ण करून थांबायचे. संध्याकाळी तिथूनच पुढे.

गोष्ट एका दहा खंडांच्या इंग्रजी कादंबरीची होती. हद्दपार झालेली राजकन्या, तिच्यामागे निघालेली हजारो माणसं, बर्फाचे डोंगर, जादू जाणणारे आणि जादू विसरलेले लोक आणि जमिनीखालून उठणारा ग्राड नावाचा राक्षस. एकेक खंड विटेएवढा जाड. एक खंड सांगून व्हायला सहा-सात महिने लागत. मी त्या कंपनीत डिस्पॅच विभागात सव्वातीन वर्षं कारकून होतो, नंतर वर्तमानपत्रात गेलो. तेवढ्यात माझे पाच खंड पूर्ण आणि सहावा अर्धा ऐकून झाला. आज जे लिहितो आहे ते या सहाव्या खंडाबद्दल आहे. त्यात त्यांचा आयुष्यभराचा एक नियम मोडला आणि एका मुलीला तिचं नाव मिळालं. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या, पण हे आम्हाला अठरा वर्षांनी कळलं.

सगळी बस त्यांना काका म्हणायची. कंपनीत ते फायनल इन्स्पेक्टर होते. गाडीच्या सुट्या भागांवर शेवटची सही त्यांची. आयटीआय झालेले, मूळ चऱ्होलीचे. त्यांच्या घरची शेती बिल्डरकडे गेली होती आणि त्या जागेवर इमारती उभ्या राहत होत्या. नोकरीची गरज उरली नव्हती. कुणी तसं सुचवलं तर ते म्हणत, "जमीन गेली. मोजायची सवय ऱ्हायली. ती कुठं ठेवू?"

त्यांचा नियम एका ओळीचा होता: "पाह्यलं न्हाई ते मी पास करत न्हाई."

याचा अर्थ मला एका गुरुवारी समजला. सहाशे ब्रॅकेट लॉरीत भरून झाले होते, ताडपत्री बांधली होती, ड्रायव्हर केबिनमध्ये बसला होता. कागदावर काकांची सही तेवढी राहिली होती. माल आधीच्या शिफ्टच्या इन्स्पेक्टरने तपासला होता आणि तो माणूस चांगला होता, हे काकाही मान्य करत होते.

मॅनेजर म्हणाले, "काका, त्याने पाहिलंय ना. सही करा, गाडी जाऊ द्या."

"त्येनं पाह्यलं. सही त्याची घ्या."

"फायनल सही तुमची लागते."

"मग उतरवा."

लॉरी रिकामी झाली. काकांनी सहाशे नग एकेक करून मापाच्या गेजमध्ये घालून पाहिले. दुपारचा चहा घेतला नाही. साडेपाच वाजता संपलं. एकही नग खराब निघाला नाही.

"झालं समाधान?" मॅनेजरांनी विचारलं.

"समाधानाचं न्हाई वो सायेब," काका सही करत म्हणाले, "आता पाह्यलं."

त्या दिवशी परतीची बस वीस मिनिटं उशिरा सुटली, कारण त्यांच्याशिवाय सोडायला ड्रायव्हर तयार नव्हता. राजकन्या एका गुहेत अडकली होती.

अशा माणसाने राक्षसांच्या कादंबऱ्या का वाचाव्यात, हा प्रश्न नव्या माणसाला पडायचा. त्याचं उत्तर ते ठरलेलं द्यायचे. नात्यातल्या एका मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी ते ताथवड्याला इंजिनिअरिंग कॉलेजात गेले होते. आत वेळ होता म्हणून समोरच्या रद्दीच्या दुकानात बसले. तिथे हॉस्टेलची मुलं जाताना टाकून गेलेल्या जाड पुस्तकांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. वरच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं तर नकाशा. नद्या, घाट, वेशी, कोसांचं माप. त्या सुमारास भावकीत जमिनीच्या हद्दीवरून त्यांचा वाद चालू होता आणि मोजणीचे नकाशे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"दुसऱ्या पुस्तकात नुसती माणसं असत्यात," ते सांगायचे. "ह्यात आधी जमीन दावली. म्हटलं, ह्या माणसानं हद्द कायम केलीय. ह्यो थापा मारायचा न्हाई."

गठ्ठा घरी आला. इंग्रजी त्यांना ड्रॉइंगवरच्या सूचनांपुरतं येत होतं. शेजारी शब्दकोश ठेवून पहिला खंड वाचायला त्यांना दीड वर्ष लागलं. मग वेग आला. बसमध्ये सांगायला लागल्यावर त्यांनी दुसरा नियम केला: रोज घरी एक प्रकरण वाचायचं, दुसऱ्या दिवशी तेवढंच सांगायचं, पुढचं पान उघडायचं नाही. पुढचं माहीत असलं तर ते तोंडावर दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

नावांचे उच्चार त्यांचे स्वतःचे होते आणि तेच बसचे झाले. मोशीच्या चौकात बस अडकली की मागून कुणीतरी म्हणायचं, "खिंड लागली." गोष्टीत राजकन्येची माणसं एका खिंडीत अकरा दिवस अडकली होती. प्रेस शॉपमधल्या सगळ्यात मोठ्या प्रेसला ग्राड हे नाव पडलं. काही वर्षांपूर्वी मी बातमीच्या कामाने त्या कंपनीत गेलो, तेव्हा ओडिशाहून आलेल्या एका कामगाराने मला सांगितलं, "आज ग्राड बंद है, मेंटेनन्स चालू." ग्राड म्हणजे काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मशीन का नाम है, साहब. पहले से है."

लांबीबद्दल त्यांच्याशी वाद घालणारे निघायचे. एक तरुण प्रॉडक्शन इंजिनिअर नवीन लागला होता. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "काका, ही सगळी स्टोरी इंटरनेटवर एका पानात आहे. प्रिंट काढून देऊ का?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमी चाकणला बसनं जाता का नकाशावर बोट ठिवून?"

बस हसली. इंजिनिअर चिडला. "तसं नाही, पण चार दिवस नुसते डोंगर चढतायत ते लोक. काही घडतच नाहीये."

"डोंगर हाय त्यो. चढायला चार दिवस लागणार. आपून बसून ऐकणार, चार दिवस आपल्याला जड व्हत्यात व्हय? त्यांच्या पायाचा इचार करा."

ड्रायव्हर गियर बदलत म्हणाला, "भाऊ, तुम्ही मागं बसा. चढ लागलाय." इंजिनिअर पुढे दोन वर्षं त्या बसने आला. त्याची स्वतःची मोटारसायकल होती.

एकदा गेटवर बस थांबली आणि तीन मिनिटं कुणी उतरलं नाही. एका वाक्यात अर्धविराम फार होते. कार्ड पंच करायला चौदा जणांना उशीर झाला आणि एचआरची नोटीस लागली: बसमध्ये मोठ्या आवाजात बोलू नये. काकांनी नोटीस वाचली, खिशातलं पेन काढलं आणि खाली लिहिलं: "मोठा म्हणजे किती? माप व टॉलरन्स (किती कमी-जास्त चालेल) द्यावे." खाली सही आणि तारीख. दोन दिवसांनी नोटीस काढून टाकली. एचआरचे साहेब तेव्हा तिसऱ्या खंडाच्या सुरुवातीपासून बसने येत होते, हेही नोंदवायला हवं.

पाचवा खंड एका नदीच्या काठावर संपला. राजकन्येची माणसं मागून येणाऱ्या सैन्यापासून पळत नदीपाशी पोहोचतात, नदीला पूर आलेला असतो, पलीकडे जायला काही नाही. शनिवारी संध्याकाळी बस इथे थांबली. सोमवारी सहावा खंड सुरू झाला.

त्या सोमवारी त्यांनी चिठ्ठी काढली नाही. पुढच्या दिवशीही नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याला काही अर्थ असेल असं वाटलं नाही. सांगणं उलट जास्त मोकळं झालं होतं. नदीवर एक नाव येते. नाव चालवणारी एक बाई. तिचं नाव निरेना. ती कुठल्याच राजाची नाही. नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारते: गाव कोणतं? आणि ज्याने जे सांगितलं ते ती लक्षात ठेवते. चार हजार माणसं, एक नाव, एका खेपेत वीस. राजाचा सरदार पुढे घुसतो तर ती त्याला विचारते, गाव कोणतं? तो म्हणतो, मला गाव नाही, मला राज्य आहे. ती म्हणते, मग काठावर थांब, आठवलं की ये.

बसमधली निम्मी माणसं बाहेरगावची. लातूर, बीड, जळगाव, चिपळूण. चाकणला पहिल्या दिवशी त्यांना रेशन कार्ड विचारलं होतं, आयटीआयचा दाखला विचारला होता. सातवीआठवी खेप पलीकडे जाईपर्यंत बसमध्ये कुणी मोबाइलला हात लावेना.

बालाजी माझ्या शेजारी बसायचा. लातूर जिल्ह्यातला, प्रेस ऑपरेटर, भोसरीत दोन खोल्यांत राहायचा. त्या आठवड्यात त्याला मुलगी झाली.

"नाव ठरलं," त्याने बसमध्येच जाहीर केलं. "निरेना."

बसने टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "अरे, येडा का खुळा? आजीचं नाव ठिव तिच्या."

"आजीचं नाव केवळाबाई हाय, काका."

"मग दुसरं कायबी ठिव. ही बाई पुढं कशी निघतीय ठावं हाय का? मी अजून पुढचं पाह्यलं न्हाई."

"लई चांगली निघंल. मला ठाव हाय," बालाजी म्हणाला.

बारशाला बसमधले नऊजण गेलो. बालाजीची बहीण गावाहून येऊ शकली नव्हती, म्हणून कानात नाव सांगायचा मान त्याच्या बायकोने काकांना दिला. काका उभेच राहिले. दोनदा म्हणाले, "मला नगं." मग पाळण्याशी वाकले आणि इतक्या हळू बोलले की कुणाला काही ऐकू आलं नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी मी नोकरी सोडली. सहावा खंड अजून चालू होता.

या मार्चमध्ये बालाजीचा फोन आला. तो आता सुपरवायझर आहे, मोशीला फ्लॅट आहे. अधूनमधून बोलणं होतं. या वेळी त्याने एकदम विचारलं, "तू पेपरात हायेस. एका पुस्तकाच्या दोन जाती असतात का? मंजे एकात एक बाई हाय आणि दुसऱ्यात न्हाई, असं?"

निरेना ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. आपलं नाव एका प्रसिद्ध कादंबरीतलं आहे, हे ती लहानपणापासून सांगत आली. शाळेत तिने त्यावर निबंध लिहिला होता. कॉलेजात वर्गातल्या एकाने ती मालिका वाचलेली निघाली. तो म्हणाला, अशी कुणी त्यात नाही. तिने त्याला मूर्खात काढलं आणि पहिला खंड वाचायला घेतला. पाच महिने ती कॉलेजच्या बसमध्ये, जेवताना, परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचत होती. दहाही खंड वाचले. सहावा दोनदा.

"त्यात नदीच न्हाई," बालाजी म्हणाला. "मंजे नदी हाय, पण दीड पानात पूल बांधून पलीकडं जातेत. पोरगी चार दिवस बोलली न्हाई. काल म्हणली, पप्पा, मग मी कुठून आले? मी काय सांगू? काकाला विचारायचं तर तोंड होईना. तू चल."

रविवारी आम्ही तिघं त्याच्या गाडीतून चऱ्होलीला गेलो. निरेनाच्या मांडीवर सहावा खंड होता, वाचनालयाचा शिक्का असलेला. दिघीपर्यंत ती त्याची पानं उलटत होती. मग मला म्हणाली, "तुम्ही होतात ना तेव्हा बसमध्ये? तुम्हाला खात्री आहे, ती होती?"

"होती. मी तिच्या तीन महिन्यांच्या खेपा ऐकल्यात."

"पप्पांसारखंच बोलताय. ऐकल्यात. वाचलंय कुणी?"

वाचलेलं कुणीच नव्हतं.

काका आता सत्तरीला आलेत. इमारत त्यांच्याच जुन्या शेतावर आहे, चौथा मजला. पार्किंगमध्ये गाडी लावत असताना ते खाली आले आणि बालाजीला म्हणाले, "हितं नगं लावू, पलीकडं लाव. हितं विहीर हुती." वर गेल्यावर खिडकीतून दाखवलं: बी विंग म्हणजे कांद्याची पट्टी, क्लबहाऊस म्हणजे गोठा. काकूंनी चहा ठेवला. निरेनाने पुस्तक टीपॉयवर ठेवलं.

"आजोबा," ती म्हणाली, "यात मी नाहीये."

काकांनी पुस्तकाकडे पाहिलं. हातात घेतलं नाही. "न्हाईस," ते म्हणाले. "दुसऱ्या कुठल्याबी खंडात न्हाईस."

बालाजी खुर्चीत पुढे सरकला. "मंजे?"

"मंजे मी घातली तिला."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. ताथवड्याच्या गठ्ठ्यात दहा पुस्तकं होती. त्यांनी दहा नग मोजून घेतले. खंडाचा आकडा पाठीवर नव्हता, आतल्या पानावर बारीक होता आणि पुढचं पान उघडायचं नाही हा नियम. पाचवा खंड शनिवारी संपला. रविवारी सहावा म्हणून जो उघडला तो पुन्हा पाचवाच निघाला. तोच खंड विलायतेत एका नावाने छापलेला, अमेरिकेत दुसऱ्या. कव्हर वेगळं.

"नग मोजलं, पार्ट नंबर पाह्यला न्हाई," काका म्हणाले. "तीस वर्सं जी चूक लोकांची पकडली, ती सोता केली. पुण्याच्या दुकानात फोन केला, तर मागवायला सहा आठवडं. आन सोमवारी सकाळी बस उभी. म्हटलं, नदीच तर वलांडायचीय. पूर हाय, नाव एक. पाच-सहा आठवडं नदीवर काढू, तवर पुस्तक येतंय, मग तिथनं धरू."

"मग?" निरेनाने विचारलं.

"मग तुझं बारसं झालं."

काकू चहा घेऊन आल्या. कुणी कप उचलला नाही.

"बारशाच्या पुढच्या आठवड्यात पुस्तक आलं," काका म्हणाले. "वाचलं. दीड पानात पूल. मी बसमधी दीड म्हयना नाव चालवत हुतो. आता सांगायचं तरी कसं? माल चुकीचा गेला तर परत मागवता येतो. कानात सांगितलेलं नाव कसं मागवू? मग मी माझंच रेटलं. सात म्हयने. सातव्या खंडाला जोडून दिलं आन गप बसलो."

"पाहिलं नाही ते पास करत नाही म्हणायचात," बालाजी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो हसतही नव्हता. "मी घरात रोज तेच म्हणतो, काका. पोरीचा गृहपाठ बगताना तेच म्हणत आलो."

"व्हय. म्हणून तर रिटायर झालो तवा भाषणात त्ये म्हणलो न्हाई. तू हुतास की तिथं."

बालाजीने आठवून पाहिलं.

"ती बाई कुठून आणलीत?" निरेनाने विचारलं.

"ती खरी हाय. माझी आत्या. तिचं सासर मरकळच्या बाजूला, घरची नाव हुती. इंद्रायणीला पूर आला की ती माणसं पल्याड न्यायची. नावंत पाय ठिवला की विचारायची, गाव कंचं? बुडालं कुणी तर कुठं सांगावा धाडायचा, म्हणून विचारायची." ते थांबले. "तिचं नाव सखू. इंग्रजी पुस्तकात सखू चालली नसती. मोशी सोडल्यावर चिंबळी फाट्यापतुर इचार केला, निरेना तोंडात आलं."

ते उठले, आतल्या कपाटातून एक पुस्तक घेऊन आले. त्यांचा सहावा खंड, त्या वेळी मागवलेला. सुतळीने त्याला एक पिवळा टॅग बांधला होता. हे टॅग मी रोज पाहिलेले आहेत. पास झालेल्या मालाला हिरवा, नाकारलेल्याला लाल. पिवळा म्हणजे होल्ड: निर्णय बाकी. टॅगवर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं. कारण: जुळत नाही. तपासणारा: सही. त्याखाली 'निर्णय' असं छापलेलं आणि पुढे रिकामी जागा.

निरेनाने टॅग वाचला. "जुळत नाही म्हणजे कोण कुणाशी जुळत नाही? हे तुमच्याशी की तुम्ही याच्याशी?"

"त्येच ठरत न्हवतं. म्हणून होल्ड."

त्यांनी खिशातलं पेन तिच्यापुढे ठेवलं, आणि शेजारी एक वही. वहीत बसमधल्या माणसांची नावं आणि फोन नंबर होते, एकतीस. चार नावांवर काट होती.

"सही तुझी लागंल," ते म्हणाले. "नाव तुझं गेलंय ह्यात. लाल करायचं तर लाल कर. मी ह्या सगळ्यांना एकेक करून फोन करतो आन सांगतो, सहावा खंड मी न पाहता पास केला. आजपासनंच लागतो."

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर कुठलाच खंड सांगितला न्हाई. घरात बसचा पास चालत नसंल."

निरेनाने पेन उचललं. टॅगवर हात ठेवला. मग विचारलं, "शेवटी ती पलीकडे जाते?"

"कोण?"

"निरेना."

काकांनी चष्मा काढून पुन्हा लावला. "न्हाई. सगळे गेले. सातव्या खंडात तिला जागा न्हवती, म्हणून काठावरच ठिवली. जोडायचं हुतं ना पुढं."

"म्हणजे ती अजून तिथंच आहे."

"व्हय."

तिने पेन खाली ठेवलं.

"मी सही नाही करणार," ती म्हणाली. "हा खंड मी वाचलाय, पण तुमचा कुठे पाहिलाय? पप्पांनी चार वाक्यांत सांगितलाय फक्त. पाहिलं नाही ते कसं पास करू? आणि रिजेक्ट तरी कसं करू?"

बालाजी म्हणाला, "निरू, काका दमलेत आता. थोडक्यात सांगतील ते."

"थोडक्यात नको."

"सात म्हयन्याचं हाय ते," काका म्हणाले.

"सांगा की. पुलावरून गेलेली मी वाचलीत. नावेतून जाणारी नाही."

काकांनी बालाजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठले, आपली खुर्ची उचलली आणि खिडकीकडे पाठ करून ठेवली, तोंड आमच्याकडे. लांबचा चष्मा काढून जवळचा लावला. चहाचे कप बाजूला सरकवले.

"शनिवारी कुठं थांबलो हुतो?" त्यांनी विचारलं.

बालाजीने अठरा वर्षांपूर्वीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

त्या दिवशी सत्तर मिनिटं झाली. मी घड्याळ पाहिलं होतं. आता निरेना सकाळी मोशीहून ताथवड्याला जाणाऱ्या बसमध्ये बसली की सात वीसला चऱ्होलीहून फोन येतो. ती इअरफोन लावते आणि कॉलेजचं गेट येईपर्यंत ऐकते. काका खिडकीला पाठ करून बसतात आणि काकू शेजारी ऐकायला बसतात, असं बालाजीने सांगितलं. पुस्तक त्यांच्या कपाटात आहे आणि टॅग पिवळाच आहे.

गेल्या आठवड्यात मी त्याला विचारलं, कुठपर्यंत आलं?

"पूर चढलाय," तो म्हणाला. "माणसं काठावर बसलेत. पुढचं मला ठाव हाय, पण पोरगी बोलू देईना. निरेना अजून यायची हाय."